मयत पाहिल्याशिवाय मॅच हलत नाही

सामने लावणं हे सोयरीक जुळवण्यासारखं काम आहे, असं म्हातारा मॉसी ट्यूही म्हणायचा. दोन्हीकडची माणसं सारखीच नाराज झाली की समजायचं, बरोबर जुळलं. अर्धं आयुष्य त्यानं काउंटीतल्या सगळ्या क्लबांचे हर्लिंगचे, म्हणजे काठीनं चेंडू मारायच्या खेळाचे, सामने लावले, आणि डोळ्यांनी साथ सोडली तेव्हा ते लोढणं मुलीच्या गळ्यात बांधलं. कार्मेल तेव्हा शाळेत भूगोल शिकवायची. नदी कुठून कुठे वाहते हे मुलांना सांगणं सोपं होतं. कुठला क्लब कुठल्या रविवारी कुठे खेळणार हे मोठ्यांना सांगणं म्हणजे विंचवाच्या बिळात हात घालणं. पण तिनं तो घातला आणि आजतागायत बाहेर काढला नाही.

बाहेरच्या माणसाला यात काय अवघड आहे ते कळत नाही. सीनियर, इंटरमिजिएट, ज्युनियर आणि सगळ्यांत खाली ज्युनियर बी, असे चार दर्जे. मोठ्या क्लबाचे तीन-तीन दर्जांत संघ. वरच्या संघात कुणाचं बोट मोडलं की खालचा गडी वर जातो, आणि एकदा वर खेळला की त्याला परत खाली उतरता येत नाही, म्हणून खालचा क्लब-सेक्रेटरी बोंब मारतो. हेच गडी पुढच्या रविवारी फुटबॉल खेळतात. कुणाचं लग्न, कुणाची गवतकापणी, पंचाची रात्रपाळी, आणि अख्ख्या काउंटीत दिव्यांचं मैदान एकच. एवढं सगळं शरद संपायच्या आत उरकायचं, कारण प्रत्येक दर्जाचा विजेता पुढे प्रांताच्या स्पर्धेत जातो आणि प्रांत कुणासाठी थांबत नाही. सीनियरची फायनल बघायला सगळे येतात, फोटो काढतात. कार्मेलचा जीव मात्र खालच्या दर्जांत असायचा. वरची मॅच लोक बघायला जातात आणि खालची मॅच गावाला जिवंत ठेवते, हेही मॉसीचंच म्हणणं, आणि ते तिला सोळा आणे पटलेलं होतं.

मॅच पुढे ढकला म्हणून रोज कुणाचा ना कुणाचा फोन असायचाच. लग्नासाठी ती ढकलत नसे. लग्नाची तारीख माणूस आपल्या हातानं ठरवतो, मरणाची नाही, तेव्हा मॅच हलेल ती फक्त मयतासाठी, हा नियम होता. आणि नुसतं फोनवर सांगून भागत नसे. फोन आला की कार्मेल गाडीत मनुकांचा पाव टाकायची, त्या घरी जायची, घरच्यांचे हात हातात घ्यायची, पुढच्या खोलीत पेटीत ठेवलेल्या माणसाचं दर्शन घ्यायची, एक कप चहा प्यायची, आणि निघताना दारातच नवी तारीख सांगायची. याला कुणी तपासणी म्हणत नसे. ती तपासणी आहे हे मात्र शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

ही पद्धत पडली ती रॅथबार्नाच्या आत्येमुळे. मॉसीच्या काळात एकदा रॅथबार्ना क्लबचा सेंटर-फॉरवर्ड लंगडत होता, म्हणून त्यांच्या तरुण सेक्रेटरीनं, फेस्टी ग्लेननं, फोन करून कळवलं की आमची डिलिया आत्या वारली, मॅच पुढे घ्या. मॉसी होता शिष्टाचाराचा माणूस. तो काळा कोट चढवून सरळ दर्शनाला गेला. बघतो तर आत्या स्वयंपाकघरात केक भाजत होती. मॅच ठरल्या दिवशी झाली, रॅथबार्ना सपाटून हरलं, आणि काउंटीभर हसं झालं ते झालंच. अजूनही रॅथबार्नाचा गडी चेंडू चुकला की बांधावरून कुणीतरी ओरडतं, "आत्येची तब्येत कशी आहे रे?"

त्या वर्षी ज्युनियरच्या फायनलला ड्रमकीरा आणि रॅथबार्ना समोरासमोर आले. ड्रमकीरा म्हणजे कार्मेलचं स्वतःचं गाव. एक चर्च, एक पब, दोन खोल्यांची शाळा आणि टेकडीच्या कुशीत एक मैदान, संपलं गाव. फायनल बघितलेली माणसं आता काठी टेकत चालत होती. या पोरांवर कुणाची इतकी भिस्त नव्हती की कप्तान मॅलकी कॉर्लेसनं बिनघोर आपलं लग्न फायनलनंतरच्या बुधवारी धरलं होतं, नवरीच्या गावी, पार उत्तरेला. त्याचे दोन भाऊ, दोघेही बचावफळीतले, त्याच्याबरोबर जाणार होते. आपण फायनलला जाऊ असं कुणाला स्वप्नातही वाटलं नव्हतं. नवरीकडच्यांना तर हर्लिंग म्हणजे काय तेच नीट माहीत नव्हतं.

आणि पोरं गेली. गावात घराघरावर झेंडे लागले, गोठ्याच्या दारावरसुद्धा. मॉसी नव्वदीला आला होता, खिडकीजवळच्या पलंगावर पडून असायचा. दिसत नव्हतं, पण मैदानावर काठ्या एकमेकींवर आपटल्याचा आवाज तिथवर यायचा, आणि आवाजावरून म्हातारा सांगायचा की आज बचावाच्या पोरांचं मन लागत नाहीये. शुक्रवारी पहाटे कार्मेल चहा घेऊन गेली तेव्हा तो गेलेला होता. चेहरा शांत होता, जणू पंचानं शिटी वाजवलेली त्याला कबूल होती.

ती पलंगाच्या कडेवर बसून भरपूर रडली. मग उठून तिनं फादरला फोन केला, आणि त्यानंतर हात आपसूक सामन्यांच्या कामाकडे गेला तेव्हा तिच्या ध्यानात आलं की परवा फायनल आहे.

दुपारी डिनी कॉर्लेस आला. ड्रमकीरा क्लबचा अध्यक्ष, मॅलकीचा आजा, गावातला सगळ्यांत मोठ्या आवाजाचा माणूस. पण आज टोपी हातात धरून दारात उभा राहिला.

"पोरी, क्लबातर्फे विनंती घेऊन आलोय," तो म्हणाला. "मॅच पुढे घे. मॉसीला मातीआड करायच्या आधी आमचा एकही गडी काठीला हात लावणार नाही."

"डिनी, पुढे म्हणजे कधी ते माहीत आहे ना तुम्हाला?"

त्याला माहीत होतं. सोमवारी दफन. मंगळवारी दिव्यांच्या मैदानावर इंटरमिजिएटची बरोबरीत सुटलेली मॅच परत. शनिवारी प्रांताचा पहिला सामना, आणि त्याआधी दोन दिवस मोकळे सोडायचे हा प्रांताचा नियम. मध्ये खेळता येईल अशी एकच संध्याकाळ उरत होती, बुधवारची. त्या दिवशी मॅलकी आणि त्याचे भाऊ सूट घालून उत्तरेत उभे असणार. संघाला लागतात पंधरा, आणि ड्रमकीराकडे गडीच जेमतेम सोळा होते. तिघं वजा केले की उरले तेरा, आणि तेरांत फायनल खेळणं म्हणजे सपशेल शरणागती. उलट रॅथबार्नाचा हुकमी एक्का फिंटन, फेस्टीचाच मुलगा, अंगठा मोडून घरी बसला होता. त्याची पट्टी मंगळवारी सुटणार होती.

"कप गेला तर जाऊ दे," डिनी म्हणाला. "माणुसकी नको जायला."

तो गेल्यावर कार्मेल स्वयंपाकघरात नुसती उभी राहिली. इतक्या वर्षांत तिला कधी कोडं पडलं नव्हतं. मयत खरं असलं की मॅच हलवायची, एवढं सरळ होतं. आता मयत खरं होतं, तिच्या डोळ्यांसमोर होतं, आणि मॅच हलवली तर आपल्या मरणानं गावाचा कप घालवला हे म्हाताऱ्याच्या नावावर कायमचं चिकटणार होतं. तसं होण्यापेक्षा तो दोनदा मेला असता. बरं, नाही हलवली, तर उद्या अख्खी काउंटी म्हणणार की बघा, फिंटन जायबंदी आहे तोवर ट्यूहीबाईनं आपल्या गावाची मॅच उरकून घेतली, बापाच्या पेटीचीसुद्धा लाज धरली नाही. बाकी ट्यूहींच्या घरात होतं काय? जमीन बेताची, गाडी जुनी. ट्यूही पक्षपात करत नाहीत, हा दोन पिढ्यांचा लौकिक तेवढा होता, आणि तो या एका रविवारवर येऊन टांगला होता.

काउंटीच्या सामने-समितीच्या अध्यक्षाला फोन केला तर तो म्हणाला, तुला योग्य वाटेल ते कर. योग्य वाटेल ते कर म्हणजे निस्तरायचं ते तू निस्तर.

मग तिनं बाबांना विचारलं. पुढच्या खोलीत पेटी आणून ठेवली होती, दोन मेणबत्त्या तेवत होत्या, मॉसीचा तोच काळा कोट त्याच्या अंगावर होता. त्या कोटाकडे बघता बघता तिला वाट दिसली. मयत बघायला नेहमी बाहेरचा माणूस जातो. घरचा माणूस आपलंच मयत कसं तपासणार? समितीवर प्रत्येक क्लबाचा एक माणूस होता. रॅथबार्नाचा होता फेस्टी ग्लेनन.

तिनं फेस्टीला फोन लावला. "ड्रमकीरानं मॅच पुढे मागितली आहे. मी यात नाही. तू येऊन मयत बघ आणि तूच काय ते सांग. तू म्हणशील ते समिती मान्य करेल."

मग फेस्टी म्हणाला, "मी?"

"तूच."

डिनीला हे कळलं तेव्हा त्याचा आवाज परत आला. "त्या आत्या मारणाऱ्याला? कार्मेल, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? पोराचा अंगठा बुधवारी बरा होतोय त्याचा! तो काय सांगणार हे आंधळ्यालाही दिसेल."

"तुम्हीच तर पुढे घ्या म्हणताय."

"आम्ही मागणं वेगळं आणि त्यानं देणं वेगळं," डिनी म्हणाला, आणि हे तर्काला धरून नसलं तरी ड्रमकीरात सगळ्यांना ते पटलं.

शनिवारी दुपारी फेस्टी आला. घर माणसांनी भरलं होतं. सँडविचच्या थाळ्या फिरत होत्या, चहाची किटली चुलीवरून उतरत नव्हती. फेस्टी बारीक चणीचा, टक्कल पडलेला, सत्तरीकडे झुकलेला. अंगावर काळा कोट आणि हातात फडक्यात गुंडाळलेला केक. कोपऱ्यातून कुणीतरी आत्येबद्दल पुटपुटलं, आणि डिनीनंच त्याच्याकडे डोळे वटारून बघितलं. मयताच्या घरात ते शोभत नव्हतं.

फेस्टीनं कार्मेलचा हात दोन्ही हातांत घेतला. मग तो पेटीजवळ गेला आणि इतका वेळ उभा राहिला की लोक चुळबुळ करायला लागले. शेवटी तो वळला.

"सगळ्या काउंटीला आत्येची अर्धीच गोष्ट माहीत आहे," तो म्हणाला. "तुम्ही हसता ती. मॉसी आला तेव्हा मी दाराआड लपलो होतो. वाटलं, आता हा आरडाओरडा करणार. त्यानं टोपी काढली, आत्येचा पिठाचा हात हातात घेतला आणि म्हणाला, 'डिलियाबाई, तुम्ही गेल्याचं ऐकून फार वाईट वाटलं. एक कप चहा मिळेल का?' आत्येनं चहा दिला, केक दिला, जाताना वाटेत खायला आणखी एक तुकडा बांधून दिला. मला तो एक शब्द बोलला नाही."

खोलीत हसू पिकलं. फेस्टी मात्र हसला नाही.

"पुढच्या वर्षी आत्या खरंच गेली. फायनलच्या आदल्या दिवशी. समोर तुम्ही होता, ड्रमकीरा. आम्ही फोन केला नाही. कुठल्या तोंडानं करणार? ठरवलं, आत्येला घरात ठेवून खेळायचं, गप्प बसायचं. दुपारी अंगणात मॉसीची गाडी उभी. कुणी बोलावलं नव्हतं त्याला. आत येऊन त्यानं आत्येचा हात धरला आणि म्हणाला, 'डिलियाबाई, या खेपेला मात्र खरंच वाईट वाटलं.' आणि बाहेर येऊन मला म्हणाला, 'मॅच पंधरा दिवसांनी. आणि फेस्टी, मेलेल्यासाठी मागताना माणसानं लाजू नये.'"

डिनी खुर्चीवरून उठला होता. त्या पंधरा दिवसांची कहाणी ड्रमकीरात वेगळ्या तोंडानं सांगितली जायची. त्या पंधरा दिवसांत गावचे चार उत्तम गडी कामाला लंडनला गेले, बोटीची तारीख हलवता आली नाही, आणि फायनल गेली. डिनी त्या संघात होता. कार्मेल तेव्हा दूरच्या शाळेत शिकायला होती. तिला एवढंच आठवत होतं की त्या हिवाळ्यात सुट्टीला घरी आली तेव्हा चर्चच्या बाकावर बाबांच्या शेजारी कुणी बसत नव्हतं. विचारलं तर म्हातारा म्हणाला होता, थंडी आहे, लोक पुढे शेगडीजवळ बसतात.

"चौघं जाणार हे त्याला माहीत होतं," डिनी सावकाश म्हणाला. "बोटीची तिकिटं शहरातून त्यानंच आणून दिली होती."

हे मात्र कार्मेलनं आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. इतक्या वर्षांत बाबांनी कप गेल्याची खंत सांगितली नव्हती, की आपण तो का सोडला तेही सांगितलं नव्हतं. अभिमानानं तिचा ऊर इतका भरून आला की बरगड्या दुखल्या.

"तर आता मयत मी बघितलं," फेस्टी म्हणाला. "हा माणूस आपल्यासाठी मॅच थांबवू देईल असं मला काही त्याच्या तोंडावर दिसत नाही. उद्या तीन वाजता. ठरल्याप्रमाणे."

"आणि तुझा फिंटन?" डिनीनं विचारलं.

"फिंटन पाणी देईल. एका हातानं बाटली उचलता येते." फेस्टी कार्मेलकडे वळला. "एक कप चहा मिळेल का?"

रविवारी जेवणं उरकली आणि गाव रिकामं झालं. मयताला एकटं सोडायचं नाही ही रीत, पण त्या दिवशी बसायला माणूसच उरला नव्हता. जी ती म्हातारी दारात येऊन म्हणायची, मी थांबते गं तुझ्याजवळ, आणि तिच्या गळ्यात गावाच्या रंगाचा मफलर आधीच गुंडाळलेला असायचा. कार्मेलनं सगळ्यांना पिटाळलं. सामने लावणाऱ्या बाईनं आपणच लावलेली फायनल चुकवावी असं प्रथमच घडत होतं. तिनं स्वयंपाकघरातला रेडिओ उचलून आणला आणि पेटीशेजारच्या स्टुलावर ठेवला.

आधी समालोचक नुसता बडबडत होता. मग तो म्हणाला की मॉसी ट्यूहींसाठी आता दोन्ही संघ मैदानाच्या मध्यावर एकत्र उभे आहेत, आणि रेडिओ गप्प झाला. एक मिनिटभर त्यातून काहीही आलं नाही. टेकडीपलीकडे हजार माणसं गप्प होती, रिकामं गाव गप्प होतं आणि बाबा तर गप्प होतेच. कार्मेलनं त्यांचा थंड हात धरला. शिटी वाजली तेव्हा ती म्हणाली, "सुरू झाली, बाबा."

मॅच वर-खाली होत राहिली. कधी ड्रमकीरा दोन गुणांनी वर, कधी रॅथबार्ना. मध्यंतराला ड्रमकीरा एका गुणानं पुढे. पाऊस आला, गेला. मॅलकीनं गोल मारला तेव्हा तीन गुण पडले आणि कार्मेल अशी उठली की स्टूल कलंडलं, रेडिओ खाली पडला, आणि तो चालू आहे की बंद हे बघेपर्यंत रॅथबार्नानं उत्तर दिलेलं होतं. शेवटची मिनिटं बरोबरीत. फिंटनच्या जागी रॅथबार्नानं एक थोराड, पोट सुटलेला गडी घेतला होता, गावचा टपालवाला. त्याला अख्ख्या मॅचमध्ये चेंडू मिळाला नव्हता. मिळाला तो शेवटी, आणि पाठ गोलाकडे असताना त्यानं खांद्यावरून जो मारला तो आडव्या दांड्यावरून गेला. एक गुण. मग मॅलकीला लांबवरून मोकळा फटका मिळाला, आणि चेंडू हातभर कमी पडला.

"एकानं गेली, बाबा," कार्मेल म्हणाली. तिनं रेडिओ बंद केला. ती रडत होती आणि तिला वाईट मात्र मुळीच वाटत नव्हतं. पोरं पूर्ण पंधरा होऊन खेळली होती, कुणावर उपकार न ठेवता हरली होती.

गाव परतलं ते तिच्याच घराकडे. पोरं चिखलानं माखलेली, डोळे लाल, दारातच बूट काढून पेटीजवळून एकेक करून गेली. डिनीनं खुर्चीत अंग टाकलं.

"या खेपेला आत्येवर ढकलता येणार नाही," तो म्हणाला. "आपलीच काठी हातभर कमी पडली." मग तो उठून पेटीजवळ गेला आणि मॉसीच्या कोटाची कॉलर नीट केली. "त्या हिवाळ्यात मी चर्चमध्ये पुढच्या बाकावर जाऊन बसलो होतो रे," तो हळू म्हणाला.

तेवढ्यात बाहेर गाड्या थांबल्या. रॅथबार्नाचा संघ होता. आपल्या गावी आगट्या पेटवून लोक त्यांची वाट बघत होते, पण ते कप घेऊन आधी इकडे आले होते. टपालवाला सगळ्यांत मागे, आपण काहीतरी गुन्हा केलाय असा चेहरा करून. कप स्वयंपाकघरातल्या टेबलावर, सँडविचच्या थाळ्यांमध्ये ठेवला गेला, आणि त्यात काय ओतायचं यावर थोडा वाद होऊन शेवटी चहाच ओतला, कारण मॉसीनं जन्मभर दारूला हात लावला नव्हता. दोन्हीकडच्या पोरांनी तो फिरवून प्यायला. चहा गार झाला होता आणि त्याला कप पुसायच्या पावडरचा वास येत होता, पण कुणी तक्रार केली नाही.

सोमवारी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काउंटीतले सगळे क्लब काठ्या घेऊन उभे होते. सीनियरचे विजेते होते, इंटरमिजिएटवाले होते, त्यांची तर दुसऱ्या दिवशी मॅच होती, आणि ज्युनियर बीचे पोट सुटलेले, कोट न मिटणारे गडीही होते. कोण कुठल्या दर्जाचा हे सरमिसळीत ओळखू येत नव्हतं. पेटी आधी ड्रमकीराच्या सहांनी उचलली. मैदानाच्या फाटकाशी, जिथे मॉसी उभं राहून सगळ्यांना आत सोडायचा, तिथे खांदा बदलला आणि रॅथबार्नाच्या सहांनी घेतली. फिंटननं चांगल्या हाताच्या बाजूचा खांदा दिला.

बुधवारी मॅलकीचं लग्न लागलं. शनिवारी कार्मेल प्रांताच्या सामन्याला गेली, शेजारच्या काउंटीत. खरं तर तिनं घरी बसायला हवं होतं, लोक भेटायला येत होते. पण तिच्या काउंटीचा विजेता खेळत होता, आणि तो विजेता वेळेत ठरवून पाठवणं हेच तर तिचं काम. ती बांधाला टेकून उभी राहिली.

रॅथबार्नाचे गडी धावत मैदानात आले. फिंटन पुढे होता, अंगठ्याला टेप गुंडाळलेली. सगळ्यांच्या डाव्या दंडावर काळी फीत होती. टपालवाल्याच्या दंडावर ती नीट बसत नव्हती, तो सारखा वर ओढत होता.

शेजारी यजमान काउंटीचा सामने-सेक्रेटरी उभा होता, तिच्यासारखाच कानाला फोन आणि कपाळावर आठ्या असलेला. फिती बघून त्याचे डोळे बारीक झाले. मॅचआधीच्या मयताबद्दल या धंद्यातल्या कुणालाही संशयच येतो.

"रॅथबार्नात कोण वारलं?" त्यानं विचारलं.

"माझे वडील," कार्मेल म्हणाली.

तो ओशाळला. टोपी काढून त्यानं तिचा हात हातात घेतला, दुःखात सहभागी असल्याचं म्हणाला. "म्हणजे तुम्ही रॅथबार्नाच्या."

"नाही," कार्मेल म्हणाली, आणि आठवडाभरात पहिल्यांदा ती पाठ ताठ करून उभी राहिली. "मी ड्रमकीराची. आम्हाला हरवून आलेत ते."